नऊ पिल्लं आणि झाडलोटीची पाटी

१२ ऑगस्ट, सोमवार
पिल्लं बाहेर आली! नऊच्या नऊ. आधी अंड्याला एक चीर, मग एक नाक, मग बराच वेळ काहीच नाही. आपल्याला वाटतं, संपलं. मग हळूच अख्खं पोर बाहेर. बुटाच्या नाडीएवढं. सगळ्यात शेवटचं तर अगदीच मरतुकडं. त्याचं नाव फ्रिडोलिन ठेवलं.

बायको, म्हणजे रोस्विथा, नेमकी ब्रेमेनला, बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. साप तिचे, हौस तिची, आणि बाळंतपण माझ्या गळ्यात. फोनवर रडलीच बिचारी. मग सूचना सुरू. पिल्लांचे डबे (एकेकाचा एकेक) हलवायचे नाहीत. हात लावायचा नाही. घरात फिनेल, फवारे, वासाचं काही म्हणजे काही नको, पिल्लांची फुप्फुसं नाजूक असतात, नुसत्या वाफेनं जातील. रविवारी येतेच आहे, तोवर कृपा करून तू काही करू नकोस, एबरहार्ड.

काही करू नकोस म्हणे! दाखवतोच.

१३ ऑगस्ट, मंगळवार
संकल्प: घर शंभर टक्के केमिकलमुक्त. काचा पुसायचं, संडासाचं, ते पाइनच्या वासाचं हिरवंगार, शिवाय सासूबाईंनी दिलेलं जहाल काहीतरी (लेबल गेलंय, झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी), सगळं खोक्यात भरून तळघरात नेलं. बिल्डिंगच्या सामाईक बादलीशेजारी ठेवलं. माझा आफ्टरशेव्हसुद्धा. त्यागाशिवाय काही मिळत नाही.

फ्रिडोलिन माझ्याकडे बघतो. बाकीचे बघत नाहीत.

१४ ऑगस्ट, बुधवार
लिंबाचा वास! दाराखालून! समोरच्या हेगेलेबाई आपला उंबरठा पुसत होत्या. रोज पुसतात. मी फटीला टॉवेल लावला आणि बाहेर जाऊन अत्यंत नम्रपणे सुचवलं, की नुसत्या पाण्यानं पुसलं तर? बाई म्हणाल्या, नुसत्या पाण्यानं फरशी भिजते, बायरलेसाहेब, स्वच्छ होत नाही. आणि तुमच्या घरात ते असले प्राणी, म्हणून मी घाणीत राहू का? 'असले प्राणी' म्हणताना कठडा धरला. सापाच्या चित्रालाही भितात म्हणे.

जाता जाता म्हणाल्या, बाय द वे, या आठवड्याची पाळी तुमची आहे हो. पाटी तुमच्याच दाराला लटकतेय. शनिवारपर्यंत व्हायला हवं, तेही मोठं.

बघितलं तर खरंच. कडीला लाकडी पाटी: झाडलोटीचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात बिल्डिंग साफ करायची. ही भानगड लग्नापासून रोस्विथाच बघते. मोठं म्हणजे काय आणि छोटं म्हणजे काय, देव जाणे. जिना तो जिना.

१५ ऑगस्ट, गुरुवार
पूर्ण विचारांती निर्णय. मी बादलीला हात लावणं म्हणजे पिल्लांच्या जिवाशी खेळ. हाताला लागलेलं जाणार कुठे? डब्यावरच ना? माझा आळस म्हणेल कुणी. म्हणू दे. आज सकाळी हेगेलेबाई ब्रेडला गेल्या, तेव्हा पाटी उचलून त्यांच्या कडीला अडकवली.

पाप नाही हे. त्यांना साफसफाई आवडते.

रोस्विथाचा फोन. सगळं ठीक ना? म्हटलं, एकदम कंट्रोलमध्ये. तिनं तेच पुन्हा विचारलं. लाइन खराब असावी.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
पाटी अजून त्यांच्याच दारावर. बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. विजय!

रात्री जेवायला बसलो (मसूर आणि शेवया, डब्यातलं). डोक्यात आलं, की आता बाई शनिवारी जिना पुसणार. त्यांच्या पद्धतीनं. म्हणजे अख्खा जिना वासानं भरणार, आणि आमच्या दाराची फट टॉवेलला जुमानत नाही. पाटी परत आणावी? मग पुसणार कोण? मी? ते शक्य नाही, कारण वर दिलंच आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार, सकाळ
तोडगा सापडला. तळघर! कपडे वाळत घालायची खोली. थंड आहे, पण गरम पाण्याच्या पिशव्या आहेत. तिथे जिन्याचा वास पोचत नाही, काळं कुत्रं फिरकत नाही. डबे हलवायचे नाहीत असं रोस्विथा म्हणाली होती खरी, पण तिला इथली परिस्थिती कुठे माहीत?

नऊ डबे फळीवर नीट रचून आलो. फ्रिडोलिन सगळ्यात वर, हवेशीर. नेकर नदीकाठी एक बिअर घेतोय. आठवडाभरात पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरला.

शनिवार, दुपार
मोठं म्हणजे तळघर.

मोठं म्हणजे जिना, अंगण, फुटपाथ आणि तळघर. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. शेंबड्या पोराला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

परत आलो तर खालूनच वास. पाइन. त्यात ते जहाल, डोळ्यांतून पाणी काढणारं. माझंच! खोकं रिकामं पडलेलं. फरशी ओली, लखलखीत. फळी पुसलेली. फळीवर काहीही नाही.

कचऱ्याच्या पिंपात हात घालून बघितलं. दोनदा. नंतर तिथेच पायरीवर बसलो. गेले असतील तर रोस्विथाला काय सांगू? कंट्रोलमध्ये म्हणून सांगू? फ्रिडोलिननं तर अजून पहिली कात टाकली नव्हती.

शनिवार, संध्याकाळ
हेगेलेबाईंच्या स्वयंपाकघरात आहेत. नऊच्या नऊ. खिडक्या सताड उघड्या, डबे ओट्यावर ओळीनं.

बाईंनी तळघर धुवायला घेतलं, निम्मं झाल्यावर फळीकडे लक्ष गेलं. किंचाळल्या म्हणे, पण डबे टाकले नाहीत. रबरी हातमोजे काढून फेकले, कोपरापर्यंत हात साध्या पाण्यानं धुतले आणि एकेक डबा वर आणला. नऊ फेऱ्या, लिफ्ट नाही, डोळे अर्धे मिटलेले. वर येऊन रोस्विथाला फोन. ती सांगेल तसं केलं: ऊब, मोकळी हवा, वाटीत ताजं पाणी.

आठ जण ठीक आहेत. फ्रिडोलिन तोंड वासून पडलाय, मान टाकून. मी वाकलो तर बाई म्हणाल्या, तुम्ही लांब उभे राहा, बायरलेसाहेब, तुमच्या अंगाला बिअरचा वास येतोय.

मी विचारलं, ते जहाल कशाला वापरलंत? त्या म्हणाल्या, बादलीशेजारी ठेवलंत, मला वाटलं तुमचा हातभार. पाळी ढकललीत, निदान सामान तरी दिलंत. पाटी आपोआप दार बदलत नाही एवढं कळतं हो मला. रोस्विथा नाही, तुम्हाला जमणार नाही, म्हणून गुपचूप केलं.

घरी येऊन टॉवेल फटीतून काढला. भीती वाटतेय. नुसती भीती.

१८ ऑगस्ट, रविवार
फ्रिडोलिननं पहाटे मान उचलली. बाईंनी दार वाजवून सांगितलं. मग म्हणाल्या, रडताय काय, लिंबाचा वास लागला का?

दुपारी रोस्विथा आली. बॅग हातात, सरळ समोरच्या दारात गेली. बऱ्याच वेळानं घरी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिला बुधवारपासून सगळं कळत होतं, बाईंचा रोज फोन जायचा. फक्त डब्यांचं दोघींनाही माहीत नव्हतं, एवढी मजल मी मारेन असं वाटलंच नाही म्हणाली. पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत समोरच राहणार. हेगेलेबाईंनी फ्रिडोलिनचा डबा आपल्या झोपायच्या खोलीत नेलाय. असला प्राणी म्हणत नाहीत आता, आमचा बाळ्या म्हणतात.

मला रोज संध्याकाळी बघायची परवानगी आहे. लांबून. आंघोळ करून, साबणाशिवाय.

झाडलोटीची पाटी आमच्या घरी परत आली. आता ती रोस्विथानं माझ्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं टांगलीय: यापुढे आमची पाळी आली की करायची मी, मोठंसुद्धा.