समुद्र उजव्या हाताला

३ एप्रिल
ट्रेलर आला! दारासमोर उभा आहे आणि तिथेच गल्ली संपली. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, स्वतः आणून लावला. जाताना दोनदा बजावलं, "दोन महिने ठेवा, कुठेही न्या, फक्त ओरखडा पाडू नका." आत चार बिछाने, एक घडीचं टेबल, एक शेगडी. माणसं पाच. सासूबाईंनी पडदा सरकवून आत बघितलं आणि म्हणाल्या, "कपाटात झोपायचं म्हण की."

मेमध्ये दहा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळे मिळून कुठेतरी जातोय. जूनमध्ये थोरली नोकरीसाठी परदेशी जाईल. मग हे पाच जण पुन्हा एका टेबलाशी कधी बसतील कोण जाणे. म्हणून ही सहल झालीच पाहिजे. धाकटीचा एकच प्रश्न — तिथे रेंज आहे का?

५ एप्रिल
आराखडा झाला. बावीस वर्षं डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावते आहे, पाच माणसांची सहल म्हणजे काय मोठं! बंदर आपल्यापासून तासावर. तिथून किनाऱ्याचा रस्ता धरायचा, वाटेत पाच मुक्काम, शेवटी दीपगृह. परत येताना आतल्या हायवेने एका दिवसात घरी. कोण कुठे बसणार, सासूबाईंचे गुडघे मोकळे करायला कुठे थांबायचं, सगळं मिनिटांसकट लिहून फ्रिजवर लावलं.

९ एप्रिल
घोडं अडलं.

आमचे घड्याळजी, म्हणजे हे, फ्रिजसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "उलटं कर."

काय उलटं? तर सहल उलटी. आधी हायवेने थेट दीपगृहाला जायचं आणि तिथून किनाऱ्याने घराकडे यायचं. का? "समुद्र उजव्या हाताला हवा."

मी शांतपणे समजावलं. पहिल्याच दिवशी आठ तास हायवे, त्यात तुमच्या आईचे गुडघे. शिवाय समुद्र डावीकडे असला तर आपण अगदी त्याच्या कडेने जाणार, मध्ये समोरची वाहतूक नाही. उजवीकडे असला तर दर मिनिटाला एक ट्रक आडवा. यावर उत्तर काय, तर "कडेनेच नको." आणि चहा ओतायला घेतला तो अर्धा कपात, अर्धा टेबलावर. पुसायलाही मीच.

१० एप्रिल
आज कारण बदललं. आता म्हणे ऊन तोंडावर येतं.

१२ एप्रिल
ह्यांनी ट्रेलर ओढून बघायचा म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत नेला आणि आणला. परत आला तो फाटकाच्या खांबाला घासून. डाव्या अंगाला हातभर ओरखडा. दादाला काय तोंड दाखवू? हे म्हणतात, खांबच पुढे आहे. वीस वर्षं खांब तिथेच आहे!

एवढी नाजूक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. उजव्या डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढं चाक जागेवर बसवतो. आणि एवढं मोठं धूड सरळ आणता येत नाही. लक्ष नाही, दुसरं काय.

१४ एप्रिल
डेपोत डोक्याला ताप. लांबूरावांच्या बसचा डावा आरसा तिसऱ्यांदा फुटला. नियम माझाच आहे — डाव्या अंगाचं तीनदा नुकसान झालं की सबबी ऐकायच्या नाहीत, सरळ डोळे तपासायला पाठवायचं. लांबूराव आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात उंच ड्रायव्हर. गयावया करत होते. "बाई, झाडाची फांदी होती हो." फांदी नव्हती. मागच्या महिन्यात त्यांनी कुठेही न थांबणारी हायवेची फेरी मागून घेतली तेव्हाच मला संशय आला होता. शहरातले थांबे सगळे डावीकडे. ज्याला डावीकडचं दिसत नाही तो थांबे टाळतो. तपासणीत तेच निघालं. डावा डोळा जवळजवळ गेलेला. त्याच दिवशी गाडीवरून खाली उतरवलं.

जेवताना घरी सांगितलं. थोडी फुशारकीही मारली, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षांत एकही माणूस माझ्या नजरेतून सुटला नाही, असं म्हटलं. ह्यांनी विचारलं, "मग आता तो काय करणार?" म्हटलं, स्टोअरमध्ये बसेल, नटबोल्ट मोजेल. ताट अर्धं टाकून उठले. आता डेपोतलं घरी बोलायचीही चोरी!

१७ एप्रिल
जेवणाच्या टेबलावरची जागा बदलून मागितली. आता भिंतीला डावा खांदा लावून बसतात आणि आम्ही सगळे उजवीकडे, साहेबांसमोर बसल्यासारखे. धाकटीचं स्टूल दोनदा पाडलं ते निराळंच. सासूबाई म्हणाल्या, "लहानपणापासून हेकटच आहे गं तो." त्यांच्या हेकट मुलाबरोबर संसार मी करते आहे, हे त्या विसरतात.

१९ एप्रिल
दुसरा ओरखडा. पेट्रोलपंपावर. डाव्या अंगाला, पहिल्याच्या खाली, समांतर. धाकटी म्हणते डिझाइन छान जमलंय.

२१ एप्रिल
बाजारात हे दिसले. मी पलीकडच्या फुटपाथवर, त्यांच्या डाव्या बाजूला. तीनदा हात केला. चौथ्यांदा अख्खी पिशवी हलवली. सरळ निघून गेले. पन्नाशी उलटलेला माणूस सहलीच्या दिशेवरून बायकोशी अबोला धरतो, आणि तोही भर रस्त्यात!

घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "दिसली नाहीस." हातात लाल पिशवी होती माझ्या.

२४ एप्रिल
आज कडेलोट झाला. तिसरा ओरखडा. दुकानाच्या भिंतीला, त्यांच्या स्वतःच्या दुकानाच्या! मी फ्रिजवरचा कागद काढला आणि सांगितलं, सहल रद्द. दहा दिवस घरी झोपून काढेन. पाचही मुक्कामांच्या लोकांना फोन करून मीच नको म्हणून कळवेन.

थोरली स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, बाबांना हवं तसं जाऊ दे ना. काय फरक पडतो?" फरक? आठ तासांचा फरक पडतो, पाच मुक्काम पहिल्यापासून ठरवायचा फरक पडतो, आणि सगळ्या घरात एकटीच शहाणी असण्याचा कंटाळा येतो. हे मात्र तिला बोलले नाही. तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला, चुरगळलेला होता तो मांडीवर सरळ केला. तिला जायचंय हे मला दिसत होतं. जूनला किती दिवस उरलेत, ते तीही मोजत असणार.

कुणालाही फोन केला नाही. पण आराखडा बदलणार नाही. मीही हेकट आहे.

२८ एप्रिल
सकाळी स्टोअरमध्ये रजिस्टरवर सही घ्यायला गेले. लांबूराव खोक्यांमध्ये बसलेले, गुडघे जवळजवळ कानापाशी. माझ्यावर राग नव्हता. उलट चहा मागवला. मीच आपली सहलीचं रडगाणं सांगत बसले. समुद्र उजवीकडे हवा, कडेने नको, ट्रेलरला तीन ओरखडे —

"कुठल्या अंगाला?" त्यांनी मध्येच विचारलं.

"डाव्या."

लांबूरावांनी हातातला बोल्ट खोक्यात ठेवला. मग म्हणाले, "बाई, मी तुमच्याकडे हायवेची फेरी मागितली तेव्हा तुम्ही दोन मिनिटांत ओळखलंत."

मी कप तसाच खाली ठेवला. चहा सांडणं. स्टूल. टेबलावरची जागा. लाल पिशवी. तीन ओरखडे झाले की सबबी ऐकायच्या नाहीत — नियम कुणाचा? माझा! आणि घरी मी महिनाभर सबबीच ऐकत होते. त्यावर भांडत होते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट दुकानात गेले. हे उजव्या डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकलेले. मी आवाज न करता त्यांच्या डाव्या बाजूला, काउंटरला टेकून उभी राहिले. हाताच्या अंतरावर. भिंतीवरच्या डझनभर घड्याळांत मिनिटकाटे पुढे सरकताना बघत होते. एक मिनिट, दोन, तीन. त्यांनी भिंग काढलं, मान वर केली, समोर रस्त्याकडे बघितलं. मग चिमटा शोधायला डावा हात चाचपडत आला आणि माझ्या बाहीला लागला. केवढे दचकले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून असेल. कामाला हा लागतच नाही ना, म्हणून आधी कळलंच नाही."

"डॉक्टर?"

"दाखवलं. डाव्याची नजर आता परत येत नाही म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

चिमटा खाली ठेवून म्हणाले, "तू मला खाली उतरवलं असतंस."

"हो, उतरवलंच असतं!" मी ओरडले. बाहेरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. "पोरींना मागे बसवून तुम्ही तो ट्रेलर ओढणार होतात?"

"म्हणून तर म्हणत होतो कडेने नको. डावीकडे उतार असला की मला अंदाज येत नाही. उजवीकडे समुद्र असला की चालवता येईल असं वाटलं. पोरगी चालली आहे. एकदा मला न्यायचं होतं तुम्हाला."

इतका राग मला लग्नानंतर कधी आला नव्हता. इतकं रडूही. दोन्ही एकदमच आलं. स्टुलावर बसून रडले. हे भिंग पुसत राहिले, मग तेच फडकं माझ्या हातात दिलं. त्याला तेलाचा वास होता.

२९ एप्रिल
किल्ल्या माझ्या पर्समध्ये. त्यांनी स्वतःच आणून दिल्या, न मागता. पुढच्या तपासणीला मी बरोबर जाणार आहे, हे सांगून टाकलं. नको म्हणाले नाहीत.

३० एप्रिल
पोरींना सांगितलं. थोरली म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी." वाटलं होतं तर बोलायचं! या घरात सगळ्यांना मूग गिळून बसायची सवय आहे. सासूबाईंनी फक्त मुलाचं ताट उचलून त्याच्या उजव्या हाताकडे सरकवलं.

३ मे
डेपोच्या मागच्या आवारात ट्रेलर मागे घ्यायला शिकते आहे. लांबूराव शिकवतात. गाडी एकीकडे वळवली की ट्रेलर दुसरीकडे पळतो, अगदी आमच्या घरासारखा. खुणेला ठेवलेली दोन पिंपं आडवी केली. लांबूराव मागून ओरडतात, "बाई, आरशात बघा, माझ्याकडे बघू नका!" अख्खा डेपो खिडक्यांत जमला होता. बावीस वर्षं ज्यांच्या चुका मी वहीत टिपल्या, ते सगळे आज पिंपं मोजत होते.

५ मे
आज एकच पिंप. दादा आला होता. ओरखडे बघितले, माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. थोरलीने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं वाटतं. "चालायचंच," म्हणाला आणि टायरमधली हवा तपासायला लागला.

६ मे
दिशेवरून पुन्हा वाद, पण उलटा. आता हे म्हणतात, "तूच चालवणार आहेस तर तुझ्या मूळच्या आराखड्याने जाऊ. आईला आठ तास कशाला?" महिनाभर ज्यासाठी माझं डोकं खाल्लं ते आता नको! मी विचार करते म्हटलं.

८ मे
डॉक्टरांकडे जाऊन आलो. थेंब दिलेत, दिवसातून दोनदा. आज जास्त लिहीत नाही.

९ मे
फ्रिजवर नवा कागद लावला. हायवेने दीपगृह, तिथून किनाऱ्याने घर. आठ तास ऐकून सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटेल असं वाटलं होतं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी मधे पाय आखडून बसेन. खिडकीत त्याला बसव." त्यांना कुणी काय सांगितलं, विचारायचा धीर झाला नाही.

१२ मे
दीपगृहाकडून सकाळी निघालो. चालवते मी. शेजारी थोरली, मागे डाव्या खिडकीत धाकटी, मधे सासूबाई. उजवी खिडकी ह्यांची.

आठ तारखेला डॉक्टर म्हणाले ते इथे लिहिलं नव्हतं. उजव्या डोळ्यालाही सुरुवात झाली आहे. थेंबांनी वर्षभर टिकेल, कदाचित दोन. ह्यांना ते फेब्रुवारीतच सांगितलं होतं.

ट्रक आडवा येतो, जातो, पुन्हा समुद्र. सकाळपासून चारदा गाडी कडेला घेतली. चौथ्यांदा हे घड्याळ बघून म्हणाले, "अगं, तुझं वेळापत्रक. चाळीस मिनिटं उशीर झालाय."

म्हटलं, होऊ दे. बघा तुम्ही.