गालावरचा अंगठा

ताई,

तू जाऊन वर्ष झालं. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तरी लिहितेय, हसू नकोस.

तुझ्यासारखाच माझाही जबडा धरलाय. घास चावला की कानाशी कट् वाजतं आणि कळ थेट मस्तकात जाते. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत दात खाता तुम्ही. झोपताना लावायला त्यांनी वरच्या दातांचं कव्हर करून दिलं. काल ते उजेडात धरून त्या बघतच राहिल्या.

"हे आणखी कोण वापरतं?"

"अहो, दुसऱ्याचं कव्हर कोण तोंडात घालेल? आणि मी एकटीच राहते."

"मग इथे दाढ घासून हा खड्डा कसा पडला? याच्यासमोरची खालची दाढ तर मीच काढलीय तुमची."

मला एकदम तू आठवलीस. लहानपणी एका अंथरुणात तू कराकरा दात खायचीस. मी वैतागून अंगठ्याने तुझा गाल दाबला, की थांबायचीस.

आज सकाळी कित्येक महिन्यांनी कळ नव्हती. आरशात पाहिलं, तर गालावर अंगठ्याचा ठसा, माझ्या अंगठ्याहून मोठा.

बाईंनी नवं कव्हर करायला बोलावलंय. मी जाणार नाही. फक्त एवढंच सांग, तिकडे तुझा गाल कोण दाबतं?

तुझ्याच अंथरुणातली,
धाकटी