चारशे बारावी नोंद

अड्यार, चेन्नई
१३ ऑगस्ट २००९

चि. कौशिकास मधुसूदनमामाचे आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? (माझा विचारू नकोस, हल्ली ग्रंथालयाच्या पायऱ्या तोच मोजतो, मी नुसता बरोबर जातो.) सिरुसेरीच्या तुमच्या कंपनीच्या काचेच्या महालात वेळेवर जेवायला मिळते असे मी गृहीत धरले आहे, कारण फोनवर तू "हो मामा" याखेरीज काही बोलत नाहीस.

आमच्या जुन्या कागदांची जी यादी तू रविवार खर्चून संगणकावर करून दिलीस, ती उत्तम चालते. तक्रार एवढीच की, अगदी माझ्या सांगण्याप्रमाणे चालते. आमचे राणोजीराव तंजावरचे मोडी कागद वाचून त्यात नोंदी करत, आणि केलेल्या नोंदी रोज बदलत. मुदपाकखान्याच्या एका कागदात सोमवारी तूप होते, मंगळवारी तेल, बुधवारी पुन्हा तूप, आणि गुरुवारी दोन्ही पुसून प्रश्नचिन्ह. (पंगत उठून दोनशे वर्षे झाली, तरी यांचा स्वयंपाक उरकेना.) म्हणून मीच तुला म्हटले की, मी 'तपासले' अशी खूण केली की त्या नोंदीचे सगळे रकाने बंद होऊ देत, वाचावे, बदलू नये. पुन्हा उघडायचा अधिकार कोणाला ठेवू, असे तू विचारलेस. मी म्हटले, कोणालाच नको, मलाही नको. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला अपवाद नसलेला नियम सुचावा, याचे माझ्या गुरुजींना वर फार वाईट वाटले असेल.

शुक्रवारी मी खुणा केल्या. सोमवारी राणोजीराव हातात चिठ्ठी घेऊन आले. चारशे बारावी नोंद वाचताना त्यांची चूक झाली होती. मी त्यांना पडद्यावरचे ते करडे रकाने दाखवले आणि (मला तेव्हा हे फार विनोदी वाटले) म्हटले की, कपाळावर लिहिताना ब्रह्मदेवानेही आमच्या कौशिकचाच सल्ला घेतला असावा. ते हसले नाहीत.

"माणसाला चुकलो म्हणायला जागा पाहिजे की हो, शास्त्री," म्हणाले. चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि 'सरी, सरी' करत घरी गेले. (आपण 'बरं, बरं' म्हणतो तसे.)

गुरुवारी ते वारले. त्याला आज तीन आठवडे झाले. त्यांची खुर्ची अजून कोणी हलवलेली नाही. मी तर तिच्यावर छत्रीसुद्धा ठेवत नाही.

असो. यादीत बिघाड काही नाही, तेव्हा मुद्दाम यायची घाई करू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मधुसूदनमामा

ता. क. — तरी जमल्यास येत्या रविवारी ये, आणि चारशे बारावी नोंद पाच मिनिटे उघडून दे.

आणखी ता. क. — दुरुस्ती काय करणार, असे विचारशील. ती चिठ्ठी मी त्याच सोमवारी टेबल आवरताना न वाचता टोपलीत टाकली. मोडी मला येत नाही, आणि येणारे दुसरे कोणी आता इथे नाही. चूक तशीच राहणार. कागद कोणी वाचला ते सांगणाऱ्या 'वाचक' या रकान्यात फक्त त्यांच्या नावाच्या जागी माझे नाव घालायचे आहे.