आमच्या गावाच्या मधोमध तळं

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी तुमच्यासमोर उभं राहायची भीती गेलेली नाही. कॉलेजात तुम्ही आम्हाला मध्ययुगातलं इंग्रजी खेडं शिकवलंत. मधोमध सामाईक गवताचं मैदान, त्यात तळं, भोवती घरं, टोकाला चर्च. पलीकडे पट्ट्यापट्ट्यांची शेतं, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी चांगली, थोडी वाईट जमीन. गाव कुणी एका दिवसात वसवत नाही, गरज माणसांना जवळ आणते, असं तुम्ही सांगताय आणि मी भान हरपून नकाशा काढतोय. तो तुम्ही वर्गभर फिरवलात. मग म्हणालात, "आता तुझ्या गावाचा काढून आण. वडिलांना बरोबर घेऊन फिर." वर ट्रेसिंग पेपरची गुंडाळी दिलीत. मी काढलाच नाही. जासई गावाच्या अलीकडची आमची चार घरं, त्याचा कसला नकाशा! आठवड्यानं विचारलंत तेव्हा गुंडाळी तशीच कोरी होती. "काखेत कळसा आणि इंग्लंडला वळसा," एवढंच बोललात. पुढे तुम्ही गेलात, मागोमाग वडीलही. मी सीवूड्सला फ्लॅट घेतला.

आमच्या भातशेतीवर आता बंदराचे कंटेनर रचलेत. उरलं होतं फक्त सामाईक खळं, जिथे सगळं गाव भात झोडायचं. तिथेही कुंपण येणार कळल्यावर गावानं हरकत घेतली. जुन्या गावाचा नकाशा जोडायचा होता, आणि शिकलेला म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी एका बैठकीत काढला. माझ्यावरच्या विश्वासानं सगळ्यांनी न बघता सह्या केल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तो जुन्या मोजणीच्या नकाशाशेजारी ठेवला. "तळं इथं कधीच नव्हतं. मग खळं तरी होतं कशावरून?" हरकत फेटाळली गेली.

त्या दिवशी गावात राहणाऱ्या आत्याला कागद दाखवला. तिनं मधोमध बोट ठेवलं. "तलाव मदी कुटं रं? तो त गावाचे भायेर, बांधाजवल. ह्यो कुनाचा गाव काडलास?"

बाई, तुम्ही शिकवलेला. चर्चच्या जागी देऊळ घातलं होतं, एवढाच काय तो फरक. कुंपण परवा पुरं झालं. आता काही करता येणार नाही, आणि ज्यांना विचारायचं होतं ते वडील उरलेले नाहीत. माझी मलाच किळस येते. आत्या कुणाला काही बोललेली नाही.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. पारावर लोक रोज त्या साहेबांना शिव्या घालतात. काल मीही घातल्या.