शेपटाशी उभा असलेला माणूस

काटवाइक, ४ मार्च १६१५

ती. लुबर्टदादास,
शि. सा. न. वि. वि.

किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचं तुझं छापील चित्र पोचलं. मासा बरा उतरलाय, पण त्याला कान कुठून आणलास? तो पोहायचा पर आहे. वास छापता येत नाही हे एक बरं. आमच्या कपड्यांचा अजून गेलेला नाही.

गर्दीत शेपटाशी, कमरेवर हात ठेवून उभा आहे तो माझा नवरा, वाउटर. त्याची होडी दोन वर्षांमागे समुद्रावरून परत आली नाही, आणि मासा लागला गेल्या महिन्यात. माझा लेक जिवंत आहे, लुबर्टनं डोळ्यांनी पाहिलाय, असं सासूबाई गावभर सांगत सुटल्या आहेत. ईस्टरनंतर योरिसशी माझं लग्न ठरलंय. मुलगा गेला असं आईनं म्हटल्याशिवाय पाद्रीबुवा ते लावणार नाहीत. मला हे लग्न हवं आहे, दादा. घोळ तू घातलास, तूच निस्तर. लोभ आहेच, राग उतरला की वाढेल.

तुझी माख्तेल्ट

हार्लेम, ११ मार्च

चि. माख्तेल्ट हीस अनेक आशीर्वाद.

चूक माझी. किनाऱ्यावर मी मासा तेवढा काढला. थंडीनं बोटं वळत नव्हती. गर्दी इथे बसून जुन्या रेखाटनांतून भरली. आम्ही सगळे तसंच करतो. वाउटर हाताला लागला, आणि खरं सांगतो, त्याला तिथे उभा केल्यावर मला बरं वाटलं.

चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा म्हणजे पुसायची पाटी नव्हे. खरवडायचा, मागून ठोकायचा, मग घासून सपाट करायचा. दोनदा सुरुवात करून हत्यार खाली ठेवलं. तिसऱ्यांदा पुसला त्याला. त्या जागी कुत्रा घातलाय. कान राहू दे, गिऱ्हाइकांना आवडतो. नवी प्रत सोबत आहे. सासूबाईंना नमस्कार सांग, आणि रागातही पत्र लिहीत जा.

लुबर्ट

काटवाइक, २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून सासूबाई बराच वेळ शोधत होत्या. कुत्र्यावरून बोट फिरवलं आणि पुसायला जड गेलं का, असं विचारलं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. हत्यार खाली ठेवल्याचं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, जड गेलं, पण केलं ना त्यानं. उठून पेटीतून वाउटरचा लोकरी कोट काढला आणि योरिसला बोलाव म्हणाल्या. उद्या त्या पाद्रीबुवांकडे जाणार आहेत.

जुनं चित्र त्यांनी ठेवून घेतलंय. कोट योरिसला खांद्यात घट्ट होतो. मी हात लावलेला त्यांना चालला नाही. शिवण त्या स्वतःच उसवत बसल्या आहेत.

लग्नाला ये, आणि येताना चित्रं काढायचा कागद आणू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी माख्तेल्ट