बुचाखालची फुंकर

नानचांग, ९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस यिन्लानचा सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचा खोकला सगळं बोलणं खाऊन टाकतो, म्हणून पत्र. पोरगी प्रयोगशाळेत दिवसभर करते तरी काय, असं बाबा विचारत होते ना? सोबत बाटली पाठवते आहे. आतली पिठी दिसते तांदळाच्या पिठासारखी, पण कणाकणाला बारीक छिद्रं आहेत आणि त्यांच्या भिंतींवर विद्युतभार. धुरातला, श्वासातला कार्बन डायऑक्साइड वायू ती धरून ठेवते आणि त्याचा कामाचा द्रव करायलाही मदत करते. बाबांनी जन्मभर खाणीतून कोळसा वर काढला, त्याचा धूर आता लेक गोळा करत बसली आहे! बूच मात्र उघडू नका.

माया पातळ होऊ देऊ नये.

यिन्लान

फिंगश्यांग, २ मार्च

चि. यिन्लानला आईचे अ. उ. आ.

उघडू नका असं लिहिलंस, तिथंच चुकलीस. तुझे बाबा रोज संध्याकाळी बूच काढून फुंकर मारायचे. लेकीच्या पिठीला उपाशी ठेवू नये म्हणायचे. शेवटी हात उचलेना, तेव्हा बाटली मला ओठांशी धरायला लावायचे.

ते गेल्यावर, गेलेलं माणूस सातव्या दिवशी घरी येतं म्हणतात म्हणून दार-खिडक्या उघड्या ठेवल्या, त्यांच्या तिखट शेवया मांडल्या. बूचही सैल केलं. मग त्यांचा श्वासच उडून जाईल म्हणून जीव घाबरला, परत घट्ट लावलं.

आता तू कळवतेस, नंतरचे सगळे घाणे फसले, पहिल्या घाण्याची पिठी एवढीच उरली, ती नसेल तर पदवी अडेल. आणि आधी तापवून आतलं बाहेर घालवावं लागेल. बाटली पाठवते आहे. पदवी घे. पण पोरी, ते बाहेर घालवू नकोस गं. मला एवढंच राहिलं आहे.

वेळेवर जेव, म्हणजे मला पोचलं.

तुझी आई

नानचांग, २८ मार्च

ती. आईस सा. न.

तापवून हवेत सोडलं नाही. बंद भांड्यात पिठीवर दुसरा द्रव घातला, ऊब दिली. धरलेला वायू त्या द्रवाशी जोडला गेला. पिठी खरी उतरली, पदवीचं काम झालं. एक थेंब मिळाला, तोही जेमतेम. त्यातलं आता उडून जाणार नाही.

तुला खोटं कसं सांगू? श्वास कुणाचा, हे यंत्राला कळत नाही. फार रडू आलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. बाटली त्यांच्या ओठांशी कोण धरत होतं? तूच ना, अगदी खेटून बसून? मग आई, त्या थेंबात तुम्ही दोघं आहात.

छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, बाबांचं थडगं झाडायला येते आहे. थेंब घेऊन येईन.

लोभ आहेच. त्याला मात्र बूच लावू नये.

तुझी यिन्लान