उघड्यावरचं माप

८ नोव्हें.
मायच्या मांडीवरचं गळू चिरलंय, त्याचं आज दवाखान्यात ड्रेसिंग. वॉर्ड गच्च. शेजारच्या खाटेपाशी दुसऱ्यांचे बाप्ये बसलेले. सिस्टरने मायचं लुगडं सरळ कमरेपर्यंत वर केलं. पडद्याचा स्टँड कोपऱ्यात घडी घालून उभा. मी म्हटलं, "सिस्टर, तेवढा पडदा..." तर म्हणे, "इथे काय लॉज आहे?" माय काठ खाली ओढत होती. "सोड गं म्हातारे, आता कोण बघतंय तुला?" एक बाप्या हसला.
त्या बाईला मी सोडणार नाही.

१० नोव्हें.
माय ड्रेसिंगला येत नाही. "मरी जासू, पन माले तठे नही जानं. बठ्ठासनी देखं." सगळ्यांनी पाहिलं, हेच धरून बसलीय. गल्लीतल्या डॉक्टरांना घरी आणलं, त्यांनाही हात लावू दिला नाही. मलाही नाही. पट्टीला वास सुटलाय. डॉ. दारात हळूच म्हणाले, शुगर आहे, असंच ठेवलं तर पाय जाईल.
पायावर साडी ओढून बसलीय दिवसभर. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

१३ नोव्हें.
देव आहे! तीच सिस्टर आज माझ्या दुकानात. मुलीचं लग्न, स्वतःसाठी ब्लाउज शिवायचेत. मला ओळखलं नाही. मी पण कशी गोड! या ना ताई, बसा ना ताई. मापाला उद्या संध्याकाळी बोलावलं. तेव्हा बायकांना न्यायला नवरे येतात, समोर बाकावर बसून असतात.
मापाच्या खोलीचा पडदा काढून घरी आणलाय. आज दोन घास जास्तच गेले.

१४ नोव्हें.
झालं मनासारखं. बाक भरलेला. "पडदा कुठंय?" "धुवायला. पदर काढा." जरा थांबली, तर मीच खांद्याची पिन काढली आणि पदर खाली ओढला. छाती, कंबर, सगळे आकडे दुकानभर ऐकू जातील असे बोलले. तिने हात आडवे धरले. मी म्हटलं, "सोडा हो ताई, आता कोण बघतंय तुम्हाला?" लालबुंद झाली. दोघांनी पाहिलं, एकाने मान वळवली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!
मग म्हटलं, माझ्या मायचं हेच केलं होतंत तुम्ही.
पदर सावरत बघत राहिली. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, "बेड नंबर काय होता?"
एवढं करून... तिला माय आठवतच नाही.

१५ नोव्हें.
मायला सगळं सांगितलं. तिने पिनेपासून परत सांगायला लावलं.
"रडनी का ती?"
"नाही."
"तठे मी बी नही रडनी."
दुपारी ताप भरला. पट्टीतून साडीवर डाग आलाय. म्हटलं, माय, आता तरी चल, मी चादर धरून उभी राहते. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिले आठे लई ये."
तिला इथे आणायचं? ड्रेसिंगला? का नुसतं समोर उभं करायला? विचारलं तर पायावर साडी ओढून घेतली.
परवाच्या ब्लाउजच्या पावतीवर तिचा फोन नं. आहे. मघापासून हातात धरून बसलेय. बोलावलं तर त्या बाईला विनवावं लागेल. मला.